पुढच्यास ठेच, मागचा शहाणा?



बांधकाम म्हणजे काय, हे परळीच्या माणसाला बाहेरून येऊन कोणी सांगावयास नको. एकीकडे वैद्यनाथाच्या देवळाच्या रुंद दगडी पायऱ्या आहेत. या देवळाचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी केला. दुसरीकडे औष्णिक विद्युत केंद्राची धुराडी आहेत. पहिल्या कामात छिन्नी चालली, दुसऱ्यात क्रेन चालली. या दोन्ही कामांविषयी आपण एक प्रश्न हटकून विचारतो : हे कोणी बांधविले? कधी कधी दुसराही विचारतो : यास खर्च किती आला? परंतु तिसरा प्रश्न सहसा कोणाच्या ओठांवर येत नाही. हे काम करता करता बांधणारी माणसे काय शिकली, आणि काम संपून ती पांगली तेव्हा ते शिकलेले कोठे गेले?

आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे. आपल्याकडे एक म्हण आहे : पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. म्हण खरी आहे, पण तिच्यात एक अट दडलेली आहे. पुढच्याला ठेच लागल्याचे मागच्याला कळले पाहिजे. पुढचा मुकाट्याने कळ सोसून निघून गेला, अथवा मागचा फारच मागे असला, तर तोच दगड दोघांनाही लागावयाचा. महाराष्ट्रातील बांधकामांचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास म्हणजे ही अट कधी पाळली गेली आणि कधी मोडली गेली, याची हकीगत होय.

जुन्या काळी बांधकामाचे ज्ञान हातात राहत असे. पाथरवटाचा मुलगा आठव्या-दहाव्या वर्षी बापाजवळ बसून छिन्नी धरू लागे. दगडाच्या नादावरून तो आतून फुटका आहे की सलग, हे त्याला कोणी व्याख्या करून सांगत नसे. शंभर दगड ठोकल्यावर एकशेएकावा आपोआप कळे. गवंड्याचा ओळंबा आणि गुण्या, चुन्याची घाणी चालविणाऱ्याचा अंदाज, वडारांची दगडामातीची पारख, ही सारी विद्या अशीच पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. गाडी वडार, माती वडार, पाथरवट ही नुसती पोटजातींची नावे नव्हेत. एका कामावरून दुसऱ्या कामावर फिरणाऱ्या त्या चालत्याबोलत्या शाळाच होत्या. सारे बिऱ्हाड गाढवांवर घालून टोळी निघे, आणि टोळीबरोबर तिची विद्याही निघे.

या विद्येची थोरवी पाहावयास लांब जावयाचे कारण नाही. आपल्याच जिल्ह्याच्या गावी, बीडजवळ, सोळाव्या शतकातील खजाना विहीर आहे. तिचा बांधणारा म्हणून राजा भास्कर याचे नाव सांगितले जाते. जमिनीखालच्या पाटातून पाणी नुसत्या उताराच्या बळावर शेतापर्यंत न्यावयाचे, म्हणजे पाणसळ किती अचूक साधावी लागली असेल याची कल्पना करावी. परंतु ती कशी साधली हे लिहिलेला कागद आपल्या हाती नाही. विहीर राहिली आणि रीत गेली. हातातल्या विद्येची मर्यादा ती हीच. हात थकला की विद्या थकते, वंश खुंटला की विद्या खुंटते. आणि हाताला ‘कसे’ ठाऊक असले तरी ‘का’ ठाऊक असतेच असे नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या व्यवस्थेवर एकदम मोठा ताण पडला. बोरघाटातून आगगाडी चढवावयाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ च्या एप्रिलात गाडी घाट चढली. पंधरा मैलांच्या चढणीत अठराशे फुटांहून अधिक उंची गाठावयाची होती. पंचवीस बोगदे खोदावयाचे होते. कामाच्या भरात बेचाळीस हजारांवर माणसे एका वेळी तेथे राबत होती. एवढी माणसे एका घाटात आणि एका कामावर आपल्या मुलखाने तोवर क्वचितच पाहिली असतील. पावसाळा आला की काम थांबे आणि मजूर गावोगाव पांगत. दसऱ्यानंतर पुन्हा माणसे जमवून, पुन्हा शिकवून, पुन्हा सुरुवात करावी लागे. १८५९ साली मजुरीवरून मजुरांचा असंतोष उसळला, आणि पहिला कंत्राटदार काम सोडून गेला. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, येऊन थोड्याच दिवसांत वारला. तेव्हा त्याची विधवा ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट सोडले नाही. अनुभवी इंजिनिअर हाताशी धरून तिने काम पुरे करविले. मालक बदलले तरी काम जाणणारी माणसे टिकवून धरली, म्हणून घाट पुरा झाला. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पण घाटाच्या हकीगतीला दुसरा भागही आहे, आणि तो सहसा सांगितला जात नाही. गाडी सुरू होऊन चार वर्षे झाली आणि १८६७ च्या जुलैत या घाटातील एक मोठा दगडी पूल कोसळला. चौकशी झाली तेव्हा दगडी काम निकृष्ट असल्याचे उघडकीस आले, आणि मग त्या लोहमार्गावरील इतर पुलांच्या बांधणीकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. दर्शनी चिरा घडीव असला म्हणून पोटातली भरणी भरीव असतेच असे नाही. पोटात काय घातले आहे हे चुना कालवणाऱ्याला आणि दगड रचणाऱ्याला कळते. ते वरपर्यंत सांगण्याची वाट असली तर पूल पडण्याच्या आधी कळते, नसली तर पडल्यानंतर.

अशा कामांना हाताच्या विद्येला कागदाची जोड हवी, हे ओळखून १८५४ साली पुण्यात सार्वजनिक बांधकामाच्या खात्यासाठी माणसे तयार करणारा वर्ग निघाला. तेच पुढे पुण्याचे इंजिनिअरिंग कॉलेज. शाळा आधी आणि कामे मागाहून, असा क्रम नव्हता. कामांनी शाळा काढावयास लावली. याच पुण्यात शिकून मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या नोकरीत शिरले, आणि त्यांनी योजिलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर बसले. १९०८ साली मुसी नदीच्या पुराने हैदराबाद शहर उद्ध्वस्त केले, तेव्हा निजाम सरकारने सल्ल्यासाठी याच विश्वेश्वरय्यांना बोलाविले. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. त्या पुरातून हैदराबादने घेतलेला धडा म्हणजे उस्मानसागर आणि हिमायतसागर हे दोन जलाशय. ठेच लागली, ती नोंदली गेली, आणि मागचा शहाणा झाला, याचे हे चांगले उदाहरण होय.

आता मी अशा एका दिवसाकडे वळतो, की ज्याचे नाव काढले असता पुण्यातील वयोवृद्ध माणसे आजही क्षणभर गप्प होतात. १२ जुलै १९६१. सकाळी पानशेतचे मातीचे धरण फुटले. त्या लोंढ्याने दुपारी खालचे खडकवासल्याचे धरण, ज्यावर विश्वेश्वरय्यांचे दरवाजे बसले होते तेच, फोडले आणि मुठेचे पाणी पुण्यात शिरले. पानशेतचे काम अद्याप चालू होते. पाणी सोडण्याच्या विमोचकाचे काम अपुरे असताना त्या पावसाळ्यात पाणी अडविले गेले. विमोचकाच्या नळाच्या काँक्रीटमध्ये लोखंडी सळई नव्हती. पाऊस लवकर आणि जोराने आला, नळाच्या वरचा भराव खचू लागला. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून धरण काही तास थोपवून धरले. त्या काही तासांनी किती जीव वाचविले याची गणती करणे कठीण.

श्रोतेहो, येथे एक प्रश्न विचारावासा वाटतो. मातीच्या धरणात पाणी बाहेर काढण्याची वाट तयार झाल्यावाचून पाणी साठवू नये, हे ज्ञान १९६१ साली महाराष्ट्रात नव्हते काय? होते. पुस्तकांत होते आणि अनुभवी माणसांच्या डोक्यातही होते. १९१६ साली सुरू झालेले आणि पुढे खडकवासल्याच्याच काठी स्थिरावलेले केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र हाकेच्या अंतरावर होते. म्हणजे उणीव ज्ञानाची नव्हती. एखाद्या कामावर ज्ञान असणे आणि त्या कामाने ते ज्ञान मानणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. तारीख ठरलेली असते, पाणी हवे असते, आणि अशा वेळी ‘थांबा’ हा शब्द उच्चारण्यास फार धैर्य लागते. तो ऐकून घेण्यास त्याहूनही अधिक लागते. ज्या कामावर हा शब्द बोलता येतो आणि ऐकला जातो, ते काम शिकणारे काम. बाकीची कामे नुसती होतात.

आता याच्या उलट बाजूचे चित्र पाहावे. कोयनेचे धरण १९५४ साली सुरू होऊन १९६३ च्या सुमारास उभे राहिले. उंची १०३ मीटर. दख्खनचे पठार भूकंपापासून निर्धास्त आहे, अशी त्या काळी शास्त्रज्ञांचीही समजूत होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ती समजूत मोडली. भूकंपाचे मान साडेसहाच्या आसपास होते. कोयनानगर जमीनदोस्त झाले, दीडशेहून अधिक माणसे दगावली. धरण मात्र उभे राहिले. परंतु मागच्या बाजूचा उतार जेथे एकदम बदलतो, नेमक्या त्या उंचीवर त्याला आडव्या भेगा पडल्या.

या भेगा लपविल्या गेल्या नाहीत, हे महत्त्वाचे. त्या मोजल्या, भरल्या, आणि धरणाच्या उंच भागांना मागून काँक्रीटचे भक्कम टेकू दिले गेले. धक्क्याची यंत्रांनी केलेली नोंद जगभर गेली. धरणांचे भूकंपविषयक गणित करणाऱ्यांच्या पुस्तकांत कोयनेचे नाव तेव्हापासून आहे. आणि आपल्या देशाच्या भूकंपविषयक नियमांतही कोयनेनंतर बदल झाला. एका धरणाची भेग साऱ्या जगाचा धडा झाली, कारण ती उघड्यावर अभ्यासली गेली.

याच कोयनेवर पुढे आणखी एक शिकण्याजोगी गोष्ट घडली. चौथ्या टप्प्यासाठी भरल्या जलाशयाच्या तळातून पाणी घ्यावयाचे होते. तळाखालून बोगदा खणत आणावयाचा, शेवटी खडकाचे एक बूच शिल्लक ठेवावयाचे आणि ते सुरुंगाने उडवावयाचे, म्हणजे जलाशय रिकामा न करता पाणी बोगद्यात येते. नॉर्वे देशात ही रीत रुळलेली होती. आपल्याकडे ती कोणी केलेली नव्हती. नॉर्वेच्या जाणकारांकडून ती शिकून १३ मार्च १९९९ रोजी पहिला प्रयोग झाला. २५ एप्रिल २०१२ रोजी दुसरा झाला, आणि तेव्हा पहिल्याचा अनुभव घरचाच होता. दोन्हींमध्ये तेरा वर्षे गेली. तेरा वर्षांत माणसे बदलतात, निवृत्त होतात, बदलून जातात. तरीही विद्या टिकली, कारण ती हातांबरोबर कागदावरही उतरली होती. १९५९ पासून नाशिकला महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. अशा संस्था म्हणजे टोळी पांगल्यावर मागे राहणारे शहाणपणाचे घर होय.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. जायकवाडीचे नाव तुम्हा-आम्हाला नित्याचे. पण धरण पैठणला आणि नाव जायकवाडीचे, हे कोडे किती जणांनी सोडविले आहे? जायकवाडी हे आपल्या बीड जिल्ह्यातील गाव. हैदराबाद राज्याच्या काळात गोदावरीवर धरण बांधावयाची कल्पना प्रथम निघाली ती या गावाजवळ. पुढे नव्या पाहणीत सुमारे शंभर किलोमीटर वरची पैठणची जागा अधिक सोयीची ठरली. जागा बदलली, नाव राहिले. पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि उद्घाटन २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते. सुमारे दहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध, सत्तावीस दरवाजे. पानशेत फुटल्यास पुरती पाच वर्षेही झाली नव्हती, तोच महाराष्ट्राने त्याहून कितीतरी मोठे मातीचे धरण हाती घेतले. ठेच लागल्यावर चालणेच सोडावयाचे, हा शहाणपणा नव्हे. पाऊल जपून टाकावयाचे, हा होय.

मातीचे धरण म्हणजे नुसता ढीग नव्हे. आत पाणी न झिरपणाऱ्या काळ्या मातीचा गाभा, बाहेरून मुरमाचे आवरण. थर पसरावयाचा, पाणी शिंपडावयाचे, रोलर फिरवावयाचा, मग दुसरा थर. मातीत ओल किती असता ती सर्वांत घट्ट बसते, याची कसोटी प्रॉक्टर नावाच्या अमेरिकन इंजिनिअराने १९३३ साली प्रसिद्ध केली, आणि आज प्रत्येक मोठ्या कामावर प्रयोगशाळेत ती घेतली जाते. पण मुरलेला मुकादम मूठभर माती दाबून पाहतो आणि ओल कमी की अधिक हे सांगतो. प्रयोगशाळेचा आकडा आणि मुकादमाची मूठ यांचे जेथे जमते तेथे बांध चांगला होतो. आकड्याने मुठीचा अपमान केला, किंवा मुठीने आकडा धुडकावला, की गाभ्यात पोकळी राहिलीच म्हणून समजावे.

या मुठीची आपण कदर केली काय? १९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसे आपल्यात अजून आहेत. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणे. आपल्या जिल्ह्यातील क्वचितच एखादे घर त्यातून सुटले असेल. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. देशाने २००५ साली जो रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. राज्यकारभार येथे शिकला, यात शंका नाही. पण ज्यांनी खोदले त्यांचे काय? मस्टरवर त्यांचे नाव आणि हजेरी चढे. खोदलेल्या खड्ड्यात मधोमध मातीचा एक उभा खांब राखून त्यावरून खोली मोजीत आणि मापाप्रमाणे मजुरी देत. माती मोजली गेली, शिकलेले मोजले गेले नाही. कोणत्या नाल्यात मुरूम लागतो आणि कोणत्यात खडक, कोणता तलाव गळतो आणि का गळतो, हे डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या बायांना ठाऊक होते. त्यांना ते कोणी विचारले नाही. आणि पुढच्या वर्षी त्याच नाल्यावर नवी माणसे, नवे ओव्हरसिअर, नवा अंदाज. ज्या जिल्ह्याची माणसे दर वर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला परमुलखात जातात, त्या जिल्ह्यात काम जाणणारी टोळी एका जागी टिकावयाची कशी, हाही त्यातलाच प्रश्न.

परळीचे विद्युत केंद्रही याच न्यायाने पाहावे. १९७१-७२ साली येथे प्रत्येकी ३० मेगावॉटचे दोन संच सुरू झाले; १९८० च्या दशकात २१० मेगावॉटचे तीन झाले; २००७, २०१० आणि २०१६ साली २५० मेगावॉटचे एकेक. जुन्या संचांची सेवा संपली, आज नव्यांवर काम चालते. तीसवरून अडीचशेपर्यंतची ही चढण म्हणजे परळीच्या फिटर, वेल्डर, गवंडी आणि इंजिनिअर यांच्या तीन पिढ्यांचे शिक्षण आहे. यंत्रे आणि पाया यांत ही मंडळी तरबेज झाली. पण केंद्राला कोळशाइतकेच पाणी लागते, आणि ते येते गोदावरीच्या खोऱ्यातून. पैठणच्या उजव्या कालव्याने माजलगाव धरणाला जोडलेल्या व्यवस्थेतून. २०१३ साली आणि पुन्हा २०१५ साली पाण्यावाचून हे सारे केंद्र बंद ठेवावे लागले. बांधावयास आपण शिकलो. बांधलेल्या धरणातले पाणी दुष्काळात कोणी, किती आणि कोणत्या क्रमाने घ्यावयाचे, हे शिकावयास मागे राहिलो. १९८० साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, पाणी व जमीन यांच्या व्यवस्थापनाचे शिक्षण देणारी ‘वाल्मी’ संस्था निघाली, ती याच उणिवेपोटी.

कोणी म्हणेल, या जुन्या गोष्टी झाल्या. तर २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे येथील धरण फुटले आणि वीसएक माणसे वाहून गेली. धरण गळते आहे अशी तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती, हे तेव्हा वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाले. पानशेतनंतर अठ्ठावन्न वर्षांनी, पुन्हा जुलै, पुन्हा मातीचा बांध. २०२१ साली देशाने धरण सुरक्षेचा कायदा केला. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी आणि तिची नोंद त्याने सक्तीची केली. कायदा उत्तम आहे. परंतु बांधावरून रोज गुरे नेणाऱ्याला जी ओल दिसते, ती वर्षातून दोनदा येणाऱ्या साहेबाला दिसेलच असे नाही. ती त्या नोंदवहीत उतरविण्याची सोय झाली तरच कायदा जिवंत.

तेव्हा या इतिहासाचे सार काढावयाचे तर ते असे. कामावरची विद्या तीन ठिकाणी राहते : हातात, कागदात आणि संस्थेत. तिन्हींचा मेळ बसला म्हणजे कोयना होते. मेळ तुटला की घाटातला पूल पडतो, पानशेत फुटते, तिवरे वाहून जाते. आणि हा मेळ सांधणारी वस्तू फार साधी आहे : खालच्या माणसाला ‘थांबा’ म्हणण्याची मुभा, आणि वरच्या माणसाला ते ऐकण्याची सवय.

परळीकरांनी हे मनावर घ्यावयाचे ठरविले तर काम गावातच आहे. पहिल्या संचाच्या पायात काँक्रीट ओतणारे हात, पाझर तलावावर पाट्या वाहिलेल्या माता-भगिनी, अजून आपल्या गल्ल्यांतून आहेत. फार वर्षे असणार नाहीत. शाळा-कॉलेजातील मुलांनी वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे. कोठे काय चुकले, कशाने सावरले, हे त्यांच्या शब्दांत उतरवून घ्यावे आणि ती वही ग्रंथालयात ठेवावी. उद्या या मुलखात नवा बंधारा, नवा पूल, नवे केंद्र उभे राहील, तेव्हा ते बांधावयास येणाऱ्याला पहिल्याच दिवशी ती वही द्यावी. म्हणीतली अट पुरी करण्याचा एवढा तरी मार्ग आपल्या हातात आहे.